कोपऱ्यातला ठिपका

बत्तीस वर्षं मी मोटार वाहन निरीक्षक होतो. माणूस गाडी कशी चालवतो यापेक्षा तो गाडीतून कसा उतरतो याकडे माझं लक्ष आधी जातं. गेनादी उतरला तेव्हा त्याने पहिल्यांदा स्वतःच्या टायरांकडे पाहिलं, मग शेजाऱ्याच्या गाडीच्या नंबर प्लेटकडे आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. साठीच्या आसपासचा, पोट सुटलेला, मिशीवाला रशियन. मी मनात म्हटलं, हा तर आपल्यातलाच दिसतो. आणि तिथल्या तिथे माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

२००५ सालचा ऑक्टोबर होता. माझी मुलगी हिमानी अमेरिकेत, रेडमंडला एकटी राहत होती. ती फिजिओथेरपिस्ट. म्हाताऱ्या पेशंटांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे, अशी नोकरी तिला मिळाली होती, आणि तिचा व्हिसाही त्याच नोकरीला बांधलेला. घरोघरी जायचं म्हणजे गाडी हवी, गाडीसाठी तिथलं लायसन्स हवं. कंपनीने शेवटची तारीख दिली होती, अठरा नोव्हेंबर, शुक्रवार. त्या दिवशी लायसन्सचा नंबर कळवला नाही तर नोकरी दुसऱ्याला. पोरगी दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळेस गाडी कडेला लावताना चाक फुटपाथावर चढलं. चाक चढलं की तिथे पुढचे गुण मोजतच नाहीत.

फोनवर ती रडली तेव्हा शरयूने, म्हणजे माझ्या बायकोने, मला विमानात बसवून दिलं. सोबत लोणचं, मेतकूट आणि टिकल्यांची तीन पाकिटं. "तुम्ही आयुष्यभर हेच केलं ना, मग जा आता पोरीच्या उपयोगी पडा," म्हणाली. आयुष्यभर मी काय केलं हे शरयूला नीट ठाऊक होतं, म्हणून ते वाक्य मला जरा टोचलंच.

गेनादीची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे तो स्वतः आणि एक जुनी कोरोला. बाजूच्या सीटखाली त्याच्यासाठी वेगळा ब्रेक बसवलेला. पहिल्या दिवशी मी हट्टाने मागच्या सीटवर बसलो. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. मी काय काम करत होतो ते हिमानीने सांगितल्यावर त्याने आरशातून मला नीट न्याहाळलं. "इन्स्पेक्टर," तो म्हणाला. तेव्हापासून मला हेच नाव पडलं.

"तुमच्या रशियात कसं असतं हो?" मी सहज विचारतो तसं विचारलं. सहज विचारायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं, ही माझी जुनी सवय.

तो बोलला की! तिकडे म्हणे वाहतूक पोलीस पाठलाग वगैरे करत नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि काळे-पांढरे पट्टे असलेला दांडू हलवतो. दांडू हलला की गाडी थांबलीच पाहिजे. मग तो विचारणार, आग विझवायचा सिलिंडर आहे का? आहे. औषधाची पेटी? आहे. पेटीतल्या औषधाची तारीख? इथे बहुतेक जण सापडायचे. नाहीच सापडला तर नंबर प्लेटवर चिखल उडालेला असतोच. तिकडच्या हिवाळ्यात चिखल नाही अशी प्लेट कुठून आणणार!

"आमच्याकडे धुराचं सर्टिफिकेट," मी म्हटलं.

"आणि समोरून येणारे लोक दिवे मारून सांगतात, पुढे उभे आहेत, सांभाळा."

"आमच्याकडेही! अगदी हेच!" मी पुढे सरकलो. "आणि मग लायसन्सच्या आत नोट?"

"घडी घालून," गेनादी म्हणाला. "सुटे मागायचे नाहीत."

आम्ही दोघं खदखदून हसलो. हिमानी मात्र स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून म्हणाली, "बाबा, प्लीज! मी डाव्या लेनमध्ये जातेय, दोन मिनिटं शांत बसा ना." मी गप्प बसलो, पण डोकं गप्प बसेना. या माणसाला इतकं बारीक ठाऊक कसं? ज्याच्या खिशातून नोट जाते त्याला एवढी मजा येत नाही. मला खात्री वाटायला लागली की हा तिकडे दांडू हलवणाऱ्यांपैकीच होता.

तिसऱ्या लेसनला घोटाळा झाला. एका चौकातून बाहेर पडलो आणि मागे निळे-लाल दिवे लुकलुकायला लागले. पोलीस. हिमानीने गाडी कडेला घेतली आणि मी ओरडलो, "उतर, उतर! कागद घे आणि तूच चालत जा त्याच्याकडे. साहेबाला गाडीपर्यंत यायला लावायचं नसतं!" ती गोंधळून बसूनच राहिली, म्हणून मीच दार उघडून एक पाय बाहेर टाकला. आपल्याकडे ही साधी रीत आहे. गाडीत बसून राहणारा माणूस मुजोर ठरतो.

पोलिसाने भोंग्यावरून जोरात दरडावलं. गेनादीने मागे हात टाकून माझा स्वेटर धरला आणि मला पोत्यासारखं आत ओढलं. "बसा! हात दिसतील असे ठेवा!" पोलीस कमरेवर हात ठेवूनच आला. माझे दोन्ही हात समोरच्या सीटवर, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे.

निघालं काय, तर मागचा ब्रेकचा एक दिवा लागत नव्हता. त्याने एक चिठ्ठी दिली, दिवा बदलून घ्या म्हणाला, हिमानीला "सावकाश जा" म्हणाला आणि गेला.

"गेला?" मी विचारलं. "नुसता सांगून गेला? मग त्याला काय मिळालं?"

गेनादीने कपाळाचा घाम पुसला. "पहिल्या वर्षी मीही गाडीतून उतरलो होतो, इन्स्पेक्टर. आमच्याकडेही उतरून जावं लागतं. इथल्या पोलिसाने मला जमिनीवर पालथं झोपवलं. नंतर वर्षभर मी शोधत होतो, या लोकांना काय हवं असतं ते."

"मग सापडलं?"

"दिवा लागला पाहिजे, एवढंच हवं असतं."

माझा नाही बसला विश्वास. नुसत्या पगारावर भागवणारा इतका सरळ माणूस कुठल्याच खात्यात मी पाहिलेला नाही. बाकी काही असो, त्या दिवसापासून हिमानीने मला लेसनला यायची बंदी घातली. "तुम्ही मागे असलात की माझे हात थरथरतात, बाबा," म्हणाली. मी वरच्या खिडकीतून गाडी जाताना आणि येताना बघायचो. बाहेर आपला तो रोजचा रिपरिप पाऊस.

नोव्हेंबर लागल्यावर एका दुपारी ती गाडी परत आली आणि मला काचेवर तो दिसला. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवलेला एक छोटा निळा ठिपका. आदल्या दिवशी तो नव्हता, याची मी शपथ घेईन.

आता इथे मला आमच्या ऑफिसची एक गोष्ट सांगावी लागेल. एजंटामार्फत येणाऱ्या उमेदवाराच्या फॉर्मवर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलचा बारीक ठिपका असायचा. ठिपका दिसला की मी गाडी सुरू करायला सांगायचो, बंद करायला सांगायचो आणि सही करायचो. ठिपका नसेल तर इंग्रजी आठचा आकडा काढायला लावायचो, उलटाही काढायला लावायचो, आणि नापास करायचो. पुढच्या वेळेस तो माणूस ठिपका घेऊनच यायचा. मी एकटा नव्हतो, सगळे करायचे, असं मी स्वतःला बत्तीस वर्षं सांगत आलो. एवढ्या वर्षांत ठिपका असलेला एकही उमेदवार माझ्याकडे नापास झाला नाही.

हिमानीला अठरा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तिचं लायसन्स मी पेढ्यांच्या पुड्यासोबत घरी आणलं होतं. ती तेव्हा मैत्रिणींसोबत सिनेमाला गेली होती. तिने स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता, आणि पुढेही दहा वर्षं लावला नाही.

तर, निळा ठिपका. मी कान टवकारले. जेवताना हिमानी म्हणाली, "गेनादी म्हणतात या वेळेस टेस्ट इथे नको. नॉर्थला चाळीस मैलांवर छोटं गाव आहे, तिथल्या ऑफिसला जाऊ. थर्सडे, सतरा तारीख, सकाळी साडेनऊची अपॉइंटमेंट घेतलीय. तिथली एक्झॅमिनर त्यांच्या ओळखीची आहे, आपण तिच्याकडेच जायचं म्हणे."

माझा घास हातातच राहिला. लांबचं ऑफिस, ठरावीक वार, ठरावीक बाई आणि काचेवर ठिपका. यात पाणी मुरत नसेल तर मी निरीक्षक कसला! "त्याने जास्तीचे काही पैसे मागितले का?" मी विचारलं.

"टेस्टच्या दिवसाचे वेगळे असतात बाबा, गाडी त्यांची असते ना."

"आणि तो काचेवरचा ठिपका?"

"तो ना, तो त्यांचा..." एवढ्यात तिचा फोन वाजला, कंपनीचा, आणि ती तारखांबद्दल बोलत खोलीत निघून गेली. मी पुन्हा विचारलं नाही. आमच्या धंद्यात अशा गोष्टी दोनदा विचारत नाहीत. त्या रात्री मला राग आला, इथल्या सरळपणाचे एवढे गोडवे ऐकले होते त्याचा. आणि खरं सांगायचं तर जीव भांड्यातही पडला. पोरीचं काम होणार होतं. मग कशाला तोंड उघडायचं?

सतराच्या सकाळी मी हट्ट धरून सोबत गेलो. गप्प बसायच्या बोलीवर मागची सीट मिळाली. बसलो आणि पहिल्यांदा कोपऱ्याकडे पाहिलं. ठिपका नव्हता!

काच स्वच्छ पुसलेली. गावाबाहेर पडेपर्यंत मी दम धरला, मग राहवेना. "गेनादी, काही विसरलात तर नाही ना?"

"काही नाही, इन्स्पेक्टर. आता सगळं तिच्या डोक्यात आहे." आणि मिशीत हसला.

ते हसू मला चांगलं ओळखीचं होतं. असे एजंट मी पाहिले आहेत. उमेदवाराकडून घ्यायचं, साहेबापर्यंत पोचवायचंच नाही, आणि उमेदवार नापास झाला की पुन्हा लेसनचे पैसे घ्यायचे. नापास झालेला उमेदवार म्हणजे त्याचं दुभतं जनावर. म्हणून ठिपका काढला! चाळीस मैल मी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होतो. समोर हिमानीची मान दिसत होती, केस घट्ट बांधलेले, आणि ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. लहानपणी पाढे घोकायची तशी.

ऑफिससमोर गाडी लावून ती दोघं कागद द्यायला आत गेली. मी एकटाच गाडीत. हिमानीची पर्स सीटवरच राहिली होती आणि तिच्या तोंडाशी शरयूने पाठवलेलं टिकल्यांचं पाकीट, न फोडलेलं. त्यात सगळे रंग होते. निळाही होता.

मी फार विचार केला नाही. विचार करायला वेळही नव्हता. एक निळी टिकली काढली, पुढे वाकलो आणि कोपऱ्यात, आठवत होती साधारण तिथे, अंगठ्याने दाबून बसवली. मग गाडीतून उतरून लांबून पाहिलं. हुबेहूब. मला स्वतःच्या हुशारीचं बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

एक्झॅमिनर बाहेर आली. उंच, करड्या केसांची, रेनकोट घातलेली, हातात पाटी आणि कागद. गेनादीला तिने मान हलवून ओळख दिली. गाडीला फेरी मारली, दिवे पाहिले, आणि पुढच्या काचेपाशी क्षणभर थांबली. तिची नजर कोपऱ्याकडे गेली असं मला वाटलं. मी सुटकेचा श्वास टाकला. हिमानी गाडी घेऊन निघाली, वळणाचा दिवा लावून, आरसे बघून, अगदी शिकवल्यासारखी.

गेनादी आणि मी छपराखाली उभे राहिलो. आता काळजी नव्हती, म्हणून मी मोकळेपणाने विचारलं, "तिकडे किती वर्षं होतात पोलिसात?"

"पोलिसात? मी? मी तिकडेही हेच करत होतो. गाडी शिकवायचो. वीस वर्षं. शेवटी शेवटी लेसनला कोणी येतच नव्हतं. परीक्षकाला पैसे दिले की लायसन्स मिळायचं, मग शिकायला कोण येतो? मी रिकाम्या गाडीत बसून वर्तमानपत्र वाचायचो. शेवटी गाडी विकली." त्याने रस्त्याकडे हात केला. "इथे लोक शिकायला येतात. यांना खरंच चालवता यावं लागतं. मला फार आवडतं ते."

मी घाईघाईने विचारलं, "मग हे ऑफिस? ही बाई?"

"इथले फुटपाथ उंच आहेत, आतूनही नीट दिसतात. गुरुवारी गर्दी नसते. आणि ही बाई ओरडत नाही. तुमची मुलगी ओरडलं की घाबरते." मग खोकून म्हणाला, "कोणामुळे घाबरते ते मला माहीत नाही."

ठिपक्याबद्दल विचारायला मी तोंड उघडलं, तोच गाडी परत आली. जाऊन दहा-बारा मिनिटंच झाली होती. एवढ्या लवकर परत येण्याचा अर्थ मला ठाऊक होता. त्यालाही.

बाई उतरली, पाटीवरचा कागद काढून हिमानीच्या हातात दिला. "गाडी छान चालवतेस. पण चाक चढलं, मला काही करता येत नाही," असं हळू आवाजात म्हणाली आणि आत गेली. हिमानी स्टिअरिंगमागेच बसून होती. आम्ही जवळ गेलो तर तिची नजर काचेवर.

"गेनादी, तुम्ही तो परत का लावलात?" ती म्हणाली. "मी मनाशी बरोबर अंदाज घेतला होता. मग हा दिसला. म्हटलं, तुम्ही लावलाय तर हाच बरोबर असणार. फुटपाथाची कड ठिपक्याला टेकली की थांबायचं, तुम्हीच सांगितलं होतं. मी थांबले. तोवर चाक वर."

गेनादीने आत हात घालून नखाने ती टिकली काढली. बोटावर घेतली, उलटी केली, मागचा गोंद पाहिला. "हा माझा नाही," तो म्हणाला. "माझा कागदाचा होता, आणि चार बोटं इकडे. काल संध्याकाळी काढला. तिला त्याची गरज उरली नव्हती." आणि त्याने हिमानीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी सांगून टाकलं. पावसात गाडीच्या उघड्या दारात उभा राहून, फॉर्मवरच्या पेन्सिलीपासून टिकलीपर्यंत सगळं, मराठीत. गेनादीला एक अक्षर कळलं नसेल, पण तो मान खाली घालून ऐकत होता, म्हणजे बहुतेक सगळंच कळलं. लाज म्हणजे काय ते मला एकसष्टाव्या वर्षी त्या पार्किंगमध्ये कळलं.

हिमानी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "माझ्या फॉर्मवर होता का ठिपका? तिकडच्या?"

"नव्हता," मी म्हणालो. "तुझा फॉर्म मीच भरला होता, बेटा. मीच सही केली."

ती आत जाऊन आली. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. मग तिने तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईने तिचं सगळं ऐकून घेतलं असावं, कारण हिमानी बराच वेळ बोलत होती. शेवटी ती तीनदा "आय अंडरस्टँड" म्हणाली आणि फोन पर्समध्ये ठेवला. "उद्यापर्यंतच थांबणार ते. लिस्टवर दुसरी मुलगी आहे," ती म्हणाली. बत्तीस वर्षांत ठिपका असून नापास झालेली ती माझी पहिली उमेदवार.

मला वाटलं परतताना गेनादी चालवेल. त्याने किल्लीसाठी हातही पुढे केला. हिमानीने दिली नाही. "मी चालवते," म्हणाली. "बाबा, तुम्ही मागे मधोमध बसा. तिथून नीट दिसतं."

ते चाळीस मैल मी पहिल्यांदाच एखाद्या उमेदवाराची गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. ती हायवेला लागताना मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज घेऊन आत शिरली. पुढच्या गाडीपासून अंतर राखलं. रडतही होती, पण डोळे पुसायला तिने सिग्नलची वाट पाहिली. गेनादीचा पाय एकदाही त्याच्या ब्रेककडे गेला नाही. मला बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण ती चालवत होती, म्हणून मी गप्प राहिलो.

घराजवळ रस्त्याच्या कडेला दोन गाड्यांच्या मध्ये जागा होती. तिने एकदा मागे पाहिलं, एकदा आरशात, आणि गाडी उलटी घेत अलगद आत बसवली. काचेवर काही नव्हतं. गेनादी दार उघडून खाली वाकला आणि चाक आणि फुटपाथ यांच्यामध्ये त्याने आपला पंजा आडवा धरला. मग त्याने मला बोलावून तेच करायला लावलं. मी गुडघ्यावर बसलो. मधे माझा पंजा बसला आणि वर दोन बोटं जागा उरली. परक्याची मुलगी असती तरी आमच्या ऑफिसात एखाद्याने तिला पास केलं असतं. मी नसतं केलं. तिच्या फॉर्मवर ठिपका नसता ना.